भाच्याला परदेशात बंदुकीची नोकरी : काही झालं तर जबाबदार कोण?

दारव्हेकर_मामा
रामराम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात. भाचा २४ वर्षांचा, बारावी पास. पोलीस भरतीला दोनदा गेला. एकदा गोळाफेकीत गेलं, एकदा लेखीत दोन मार्कांनी. मग दोन वर्षं नागपुरात एका मॉलच्या गेटवर उभा होता. तिथंच एक एजंट भेटला. इराकमध्ये तेलाच्या विहिरींवर 'आर्म्ड गार्ड', महिना एक लाख दहा हजार, राहणं-खाणं कंपनीचं, दोन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट. एजंटला अडीच लाख द्यायचे. पन्नास हजार दिलेही. बाकीचे सोयाबीन विकून द्यायचे असं भाऊजींचं ठरलं.

माझे प्रश्न दोन. पोराला तिथं काही झालं तर जबाबदार कोण, हा बहिणीचा. दुसरा मला रात्री झोप येईना तेव्हा सुचला. त्याच्या हातून कोणी मेलं तर? पोलिसाच्या मागं सरकार असते. फौजी असला तर कोर्ट मार्शल असते. हा कंपनीचा बंदूकवाला कोणाचा?

अ‍ॅग्रीमेंट आठ पानी, इंग्रजी, बारीक अक्षरात. शहाण्यांनी सांगावं.

ठेचा_भाकर
एक लाख दहा हजार? मामा, वयाची अट काय हाये? मी ४७ चा हावो, पन रानडुकराईच्या मांगं पयाची सवय हाये.

सुभेदार_निवृत्त
ठेचाभाऊ, मस्करी नंतर. मामा, मी गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त, ट्रेनिंग कामठीला. २००५-०६ च्या सुमारास आमच्यासारख्यांना फोनवर फोन यायचे, इराक नाहीतर अफगाणिस्तान. माझ्याबरोबरचे दोघे गेले. एक चार वर्षांनी परत आला आणि घर बांधलं. दुसरा आला तेव्हा कानाने बहिरा. त्याला कंपनीने एक पैसा दिला नाही. कोणती कंपनी म्हणून विचारलं तर त्यालाच सांगता येईना. पगार देणारा एक, गणवेशावरचं नाव दुसरं, हुकूम सोडणारा तिसराच.

तुमच्या भाच्याला हत्यार चालवायचं प्रशिक्षण कुठं दिलं? मॉलच्या गेटवर तर काठीही नसते.

दारव्हेकर_मामा
सुभेदारसाहेब, एजंट म्हणतो दुबईत दहा दिवसांचं ट्रेनिंग देऊ.

सुभेदार_निवृत्त
दहा दिवसांत आम्हाला रायफल खोलून पुसायलाही धड येत नव्हतं.

वणीचा_कोळसा
तुम्ही सगळे त्या पोराला भिवविता कायले? इथं राहून काय करणार तो? कापसाचा भाव माहीत आहे ना? वणीच्या खाणीत कंत्राटदाराच्या हाताखाली राबला तरी मरणार, शेतात फवारणी केली तरी मरणार. तिकडं निदान लाखभर हाती येतील. रिस्क कुठं नाही?

वकीलताई_अमरावती
वणीकर, रिस्क सगळीकडे आहे हे मान्य. पण मामा रिस्क विचारत नाहीत, जबाबदारी विचारतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण तो फारसा कोणी विचारत नाही. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या गार्डांनी गर्दीत गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मेले. गार्ड अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा ताफा सांभाळायच्या कामावर होते. तेव्हा इराकमध्ये 'ऑर्डर १७' लागू होती. अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सत्ता इराकी सरकारकडे सोपवायच्या आदल्या दिवशी, २७ जून २००४ ला, ती सुधारून पुन्हा काढली होती. तिचा अर्थ असा की कंत्राटाच्या कामात या लोकांनी काहीही केलं तरी इराकचं कोर्ट त्यांना हात लावू शकत नाही. हे संरक्षण २००९ च्या सुरुवातीला संपलं.

मग खटला अमेरिकेत. पण परदेशातले गुन्हे अमेरिकेत चालवायचा जो कायदा २००० साली झाला, तो मुळात त्यांच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांसाठी. २००४ मध्ये तो वाढवला, तोही त्या खात्याच्या मोहिमेला मदत करणाऱ्यांपुरता. हे गार्ड परराष्ट्र खात्याचे, त्यांना कायदा लागूच नाही, असं बचावाच्या वकिलांनी ताणून धरलं. शिवाय गोळीबारानंतर गार्डांकडून नोकरीची भीती घालून जबाब घेतले होते आणि सरकारी पक्षाने त्यांचा वापर केला, म्हणून २००९ च्या शेवटच्या दिवशी न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला. २०११ मध्ये अपिलात तो जिवंत झाला, ऑक्टोबर २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले, एकाला जन्मठेप झाली. आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली.

ठेचा_भाकर
म्हंजे तेरा वर्सं कोर्टाच्या पायऱ्या घासल्या अन् शेवटी पाटलानं म्हनलं जाऊ द्या.

आर्वीचे_मास्तर
ताईंच्या माहितीत एक भर. त्याच्या आदल्या वर्षी, २००६ च्या नाताळच्या आदल्या रात्री, त्याच कंपनीच्या एका दारू प्यायलेल्या गार्डने इराकच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकाला गोळी घातली. दोन दिवसांच्या आत त्याला विमानात बसवून देशाबाहेर काढलं. खटला कधीच झाला नाही.

आणि थोडं वाईट वाटतं म्हणून लिहितो. धागा वाचला तर सगळे भाच्याची काळजी करतायत. निसूर चौकातल्या सतरा जणांच्याही बहिणी होत्या. आपला पोरगा हातात बंदूक घेऊन दुसऱ्याच्या चौकात उभा राहणार आहे, याची लाज कोणालाच नाही का?

वणीचा_कोळसा
मास्तर, पगारी पेन्शन खाऊन लाजेच्या गोष्टी सोप्या असतात. तो पोरगा कोणाचं घर लुटायला जात नाही. तेलाच्या विहिरीवर राखण करायला जातो. आपल्या शेतात जागल्या ठेवत नाही का?

आर्वीचे_मास्तर
जागल्याजवळ गोफण असते. आणि तो ज्या शेतावर असतो त्या गावचा असतो, पाटलाला ओळखतो, चुकला तर गावात तोंड दाखवावं लागतं. फरक तिथेच आहे. (पेन्शन मिळायला अजून सहा वर्षं आहेत.)

तसं भाड्याचं शिपाईपण आपल्याला नवं नाही म्हणा. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई लढले. भोसले शरण गेल्यावरही ते नागपूर शहर सोडेनात, शेवटी अटी ठरवूनच बाहेर पडले.

ठेचा_भाकर
तवा अरब आपल्या इकडं भाड्यानं लढाले येत व्हते, आता आपलं पोट्टं तिकडं चाललं. हिसाब बराबर झाला मनाचा!

वाशीमची_वैनी
मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

२००४ साली माझा मोठा भाऊ कुवेतला ट्रक चालवायला गेला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुवेत लिहिलं होतं. दोन महिन्यांनी त्यांना म्हणाले, ताफ्यात गाडी न्यायची, सरहद्द ओलांडून. नाही म्हटलं तर पासपोर्ट कंपनीजवळ. त्याच वर्षी आपल्या तीन ट्रकवाल्यांना इराकमध्ये पळवून नेलं होतं, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ते सप्टेंबरमध्ये सुटले. तोवर आई रोज देवघरासमोर बसायची, ते तिघे जणू तिचेच लेक. भाऊ दिवाळीनंतर परत आला. तिथं काय झालं ते त्यानं आजवर सांगितलं नाही. फटाका वाजला की अंगणातून घरात येतो. त्याची जबाबदारी कोणाची, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही. आला हेच खूप.

दारव्हेकर_मामा
वैनी, वाचून गप्प झालो. बहिणीला वाचून दाखवू की नको, तेच कळेना.

वकीलताई_अमरावती
वैनी, तुमच्या भावासारखीच, पण शेवट भयंकर असलेली एक गोष्ट कोर्टाच्या कागदांत आहे. त्याच २००४ मध्ये नेपाळच्या तरुणांना जॉर्डनमध्ये हॉटेलात काम आहे असं सांगून नेलं आणि तिथून इराकमधल्या अमेरिकी तळाकडे पाठवलं. वाटेत अतिरेक्यांनी पकडून बारा जणांना मारलं. काठमांडूत दंगली झाल्या.

पुढचं मामांच्या कामाचं आहे. घरच्यांनी दोन वाटा धरल्या. एक, १९४१ चा अमेरिकेचा 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट'. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर किंवा पोटकंत्राटावर परदेशात काम करणारा माणूस कोणत्याही देशाचा असो, मालकाने त्याचा विमा काढलाच पाहिजे. त्याखाली २००८ मध्ये कुटुंबांना भरपाईचा आदेश मिळाला. दुसरी वाट, माणसांची तस्करी केली म्हणून वरच्या बड्या अमेरिकी कंपनीवर दावा. तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी २०१७ मध्ये अपील कोर्टातही हरला. कारण काय, तर घटना अमेरिकेबाहेरची आणि कायदा तिथपर्यंत पोचत नाही.

म्हणजे मेल्याचे पैसे मिळाले, नेल्याचा जाब मिळाला नाही.

वणीचा_कोळसा
मग झालं तर! विमा आहे म्हणता ना?

वकीलताई_अमरावती
वणीकर, वर अमेरिकी सरकारचं कंत्राट असेल तर. भाचा तेलाच्या विहिरीवर चाललाय. वरची कंपनी खासगी तेलवाली असेल तर हा कायदा लागू नाही. आणि लागू असला तरी दाव्याला साधारण वर्षाची मुदत. दारव्ह्याच्या बाईला वर्षभरात कोण सांगणार, की बाई, अमेरिकेच्या कामगार खात्याकडे अर्ज कर?

मामा, अ‍ॅग्रीमेंटमध्ये मालक म्हणून कोणाचं नाव आहे, साइट कोणाची आणि भांडण झालं तर कुठं, या तीन गोष्टी बघून लिहा.

कुहीचा_दोहावाला
मी सहा वर्षं दोह्यात सिक्युरिटीत आहे. विनाशस्त्र. बारा तास उभं राहायचं, ४५ डिग्रीत, पगार वेळेवर येतो. वाईट नाही. पण 'आर्म्ड' शब्द आला की सगळंच बदलते. परवाना कोणाच्या नावावर, बंदूक कोणाच्या नावावर, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. आमच्या कॅम्पात एक केरळचा दादा होता, तो म्हणायचा, पासपोर्ट आपल्या खिशात अन् बंदूक मालकाच्या खिशात, तर नोकरी चांगली. उलटं असलं तर पळ.

सुभेदार_निवृत्त
दोहावाल्यांचं बरोबर. परवान्यावरून आठवलं. २०१३ मध्ये आपल्याच तटरक्षक दलाने तुतिकोरिनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' नावाचं जहाज धरलं. समुद्री चाच्यांपासून व्यापारी जहाजं राखायचं काम, अमेरिकेतली खासगी कंपनी. जहाजावर ३५ जण : एस्टोनियाचे, ब्रिटनचे, युक्रेनचे आणि बारा आपले भारतीय. बरेच जण माजी सैनिक. आपल्या हद्दीत विनापरवाना हत्यारं आणली म्हणून जानेवारी २०१६ मध्ये पाच-पाच वर्षं शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टाने निर्दोष सोडलं.

निर्दोष, पण चार वर्षं गेली ती गेलीच. आणि आत कोण बसलं? ज्यांच्या हातात बंदूक होती ते. कंपनीचा साहेब नाही.

ठेचा_भाकर
हे तं आमच्या बोगस बियाण्यावानी झालं. बियानं उगवलं नाई म्हून दुकानदाराकडं गेलो तं तो म्हने कंपनीले विचार. कंपनी म्हने पॅकिंगवाल्याले विचार. पॅकिंगवाला म्हने बिल दाखव. बिल दुकानदारानं देल्लंच नाई. फिरून फिरून जबाबदार कोन, तं पेरनारा.

यवतमाळची_माती
ठेचाभाऊ हसवता, पण याहून जवळचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात घडलं आहे. २०१७ चा फवारणीचा हंगाम विसरला का? वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. तेव्हा पहिला दोष कोणावर आला? तोंडाला रुमाल न बांधणाऱ्या मजुरावर. मग २०२० मध्ये ५१ कुटुंबांनी कीटकनाशक बनवणाऱ्या एका स्विस कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रार यंत्रणेकडे अर्ज केला. नवरे गमावलेल्या दोघी बाया आणि एक वाचलेला शेतकरी बाझेलच्या कोर्टात गेले.

यवतमाळच्या बाया बाझेलला दाद मागू शकतात, तर दारव्ह्याचा मामा चार प्रश्न एजंटला विचारू शकत नाही का?

वकीलताई_अमरावती
फार नेमकं लिहिलंत. बाहेरच्या कंपनीला तिच्याच घरी गाठावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. इराकमधल्या अबू गरीबच्या अमेरिकी तुरुंगात छळ झालेल्या तिघा इराकींनी चौकशीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीवर २००८ मध्ये दावा टाकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने त्यांना ४ कोटी २० लाख डॉलर द्या म्हणून सांगितलं. सोळा वर्षं. म्हणजे मार्ग बंद नाही, पण तो चालायला एक अख्खं तारुण्य लागतं.

आर्वीचे_मास्तर
ताई, आंतरराष्ट्रीय करार वगैरे काही नाही का? भाडोत्री सैनिकांवर बंदी आहे असं वाचलं होतं.

वकीलताई_अमरावती
आहे, मास्तर. पण युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा कराराच्या १९७७ च्या पुरवणीत 'भाडोत्री'ची जी व्याख्या आहे, तिच्या सहाही अटी एकाच माणसाला एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. राखणीच्या नावाखाली नेलेला गार्ड त्यात बसतच नाही. मग २००८ मध्ये स्वित्झर्लंड आणि रेड क्रॉसच्या पुढाकाराने अशा खासगी बंदूकवाल्या कंपन्यांबद्दलचा माँत्रो दस्तऐवज आला. १७ देशांनी मान्य केला, पण तो कोणावर बंधनकारक नाही. त्यात जबाबदारी मुख्यतः तिघांची सांगितली आहे : कंत्राट देणारा देश, जिथे काम चालतं तो देश आणि कंपनी जिथली तो देश. पोरगा जिथून येतो तो देश कुठे? 'इतर'मध्ये.

ठेचा_भाकर
'इतर'! रेशन कार्डापासून जिनिव्हापर्यंत आपला रकाना एकच.

दारव्हेकर_मामा
अ‍ॅग्रीमेंट बसून वाचलं. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडून मराठी करून घेतलं. मालक म्हणून दुबईच्या फ्री झोनमधली एक कंपनी. साइट 'क्लायंट सांगेल ती', क्लायंटचं नावच नाही. भांडण झालं तर लंडनमध्ये लवाद. अन् पान सहावर एक ओळ, ती पोरीनं दोनदा वाचून दाखवली : स्थानिक कायद्याचा भंग झाल्यास संपूर्ण जबाबदारी कर्मचाऱ्याची.

म्हणजे नागपुरात पैसे द्यायचे, दुबईत सही, इराकमध्ये मरायचं अन् लंडनला भांडायचं.

वकीलताई_अमरावती
मामा, आता तुमच्या दोन्ही प्रश्नांना जमेल तितकं सरळ उत्तर.

त्याच्या हातून कोणी मेलं तर तिथला कायदा त्याला धरेल. शिवाय भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा आपल्याकडेही चालू शकतो. भारतीय न्याय संहितेत ती तरतूद आहे, फक्त केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे भाच्यावर दोन देशांचा कायदा, दुबईच्या कंपनीवर जवळजवळ कोणाचाच नाही. पान सहा उगाच लिहिलेलं नाही.

त्याला काही झालं तर हाताशी फक्त आपला १९८३ चा उत्प्रवासन कायदा, म्हणजे एमिग्रेशन अ‍ॅक्ट. परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट नोंदणीकृत हवा, त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. अडीच लाख हा आकडाच सांगतो की तो कोण आहे. आणि भारतातल्या सुरक्षा एजन्सीला परदेशात गार्ड पुरवायचे असतील तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे वेगळी परवानगी लागते, ती देण्याआधी केंद्राला विचारावं लागतं.

एक मेख आहे. दहावी नापास असता तर इराकला जाताना त्याच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरी लागली असती आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा झाला असता. भाचा बारावी पास. त्याला विमानतळावर कोणी अडवणार नाही.

ठेचा_भाकर
शिकून पोट्टं वाया गेलं मनतात ते हेच काय?

सुभेदार_निवृत्त
रशियाचं विसरू नका. 'मदतनीस' आणि 'सिक्युरिटी' म्हणून नेलेली आपली पोरं युद्धाच्या तोंडावर उभी केली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांवर तस्करीचे गुन्हे नोंदवले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने सांगितलं : १२६ प्रकरणं, ९६ परतले, १२ मेले, १६ बेपत्ता. ती तर सरकारी फौज होती, तरी एवढी ओढाताण. इथं फ्री झोनमधली कंपनी.

वणीचा_कोळसा
बरं, क्लायंटचं नावच नाही हे मात्र चुकीचं आहे. हे मीही मान्य करतो. पण मग पोरानं करावं काय, हे कोणीच सांगत नाही.

भाचा_दारव्हा
मी तोच भाचा. मामा, तुम्ही माझे मार्कसुद्धा टाकले इथं! गोळाफेकीचं सांगायची काय गरज होती?

सगळं वाचलं. वणीवाल्या दादांना एकच सांगतो, तुम्ही माझ्या बाजूनं बोलले म्हणून बरं वाटलं. मला शेती करायची नाही हे खरं आहे. मास्तरांचंही वाचलं. मी कोणाला गोळी घालायच्या गोष्टीचा विचारच केला नव्हता. मला वाटलं गेटवरच उभं राहायचं, फक्त गेट मोठं.

काल एजंटला फोन करून क्लायंटचं नाव अन् त्याचा नोंदणी नंबर विचारला. तो म्हणाला, जास्त वकिली करू नको, तुझ्या जागी दहा तयार आहेत. पोर्टलवर त्याचं नाव नाही. अडचण अशी आहे की माझा ओरिजिनल पासपोर्ट त्याच्याजवळ आहे अन् पन्नास हजारांची पावती नाही.

वकीलताई_अमरावती
पासपोर्ट सरकारची मालमत्ता असते, एजंटला तो दाबून ठेवता येत नाही. आधी लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला तरी चालेल, म्हणजे पुरावा राहतो. पैसे फोन-पेने दिले असतील तर तेच स्टेटमेंट म्हणजे पावती. पासपोर्ट नाही दिला तर पोलीस ठाणं. तक्रारीत 'पासपोर्ट हरवला' असं चुकूनही लिहू नका.

भाचा_दारव्हा
तीस फोन-पेने, वीस रोख.

कुहीचा_दोहावाला
भाऊ, आमच्या इथं मार्चमध्ये माणसं घेतात. विनाशस्त्र. पगार तुझ्या स्वप्नाच्या निम्मा पण नाही, सांगून ठेवतो. नोंदणी असलेला एजंट आहे. मेसेज कर.

सुभेदार_निवृत्त
नागपूरला एकटा जाऊ नको. मी कामठीहून येतो. जुना गणवेश नाही घालणार, पण मिशा आहेत.

भाचा_दारव्हा
उद्याच जातो साहेब. मामा, सकाळची लालपरी किती वाजता आहे?

दारव्हेकर_मामा
साडेसहा. थांब स्टँडवर, मी बी येतो. अन् तुह्या मायले अजून काही सांगू नको, डबा तेवढा दोघांचा बांधाले लाव.